काळीची पांढरी

सांगलीतल्या एखाद्या जुन्या गुंठेवारी वस्तीचा सातबारा हातात घेतला की आधी डोळ्यांत भरते ती नावांची गर्दी. गट नंबर एकच, पण भोगवटादारांच्या रकान्यात माणसे मावत नाहीत. कुणाच्या नावापुढे एक गुंठा, कुणाच्या दीड, कुणाच्या दोन. मध्येच मूळ मालक, त्याचे भाऊ, लग्न होऊन गेलेल्या बहिणी. इतर हक्कांत एखाद्या सोसायटीचा बोजा. आणि खाली बाराचा नमुना, म्हणजे पिकांची नोंद. जागेवर दुमजली घर उभे असते, दारात तुळस आणि गच्चीवर पाण्याची टाकी असते. कागदावर ती जमीन शेतच असते. अशा जमिनीला घराचा कागद कसा मिळतो, याची सातारा-सांगलीतली गोष्ट दोनशे वर्षांची आहे.

मराठी मुलखात गावाच्या जमिनीचे पूर्वी दोनच रंग होते. पिकाची ती काळी आणि वस्तीची ती पांढरी. शतकानुशतकांच्या राहत्या घरांच्या भिंती, राख आणि शेण मिसळून झालेली ती पांढुरकी माती, म्हणून ते नाव. काळीत घर बांधायचे नाही, असा कुठला छापील नियम नव्हता. पण पांढरी सोडून कोण राहणार? पाणी, देऊळ, वेस, शेजार, सगळे पांढरीत. नवी पांढरी वसवायची तर राज्यकर्त्याचा कौल लागे. व्यापाऱ्या-उदम्यांनी अमुक जागी येऊन घरे बांधावीत, दुकाने घालावीत, त्यांना इतकी वर्षे करात सूट, अशी ती लेखी हमी असे. शेटे-महाजनांच्या पुढाकाराने मराठी मुलखातल्या पेठा अशाच उभ्या राहिल्या. साताऱ्याला शाहू महाराजांची राजधानी आल्यावर अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याला पेठांची ओळ लागली. मिरजेच्या घराण्यातून वेगळे होऊन चिंतामणराव आप्पासाहेब पटवर्धनांनी 1801 साली कृष्णाकाठच्या सांगलीत बस्तान मांडले, तेव्हा त्या लहान गावाचे राजधानीचे शहर झाले. त्या काळी सवलत मिळायची ती लोकांनी येऊन घर बांधावे म्हणून. घर बांधू द्या म्हणून अर्ज करण्याचा जमाना अजून यायचा होता.

तो आणला साखळीने. 1848 साली सातारचे राज्य खालसा झाले आणि मुंबई इलाख्याची मोजणी या मुलखात शिरली. मोजणीदाराच्या हातातली साखळी 33 फुटांची, तिचे भाग सोळा, म्हणजे सोळा आणे. एक साखळी लांब आणि एक साखळी रुंद तुकडा म्हणजे एक गुंठा, 1089 चौरस फूट. असे चाळीस गुंठे म्हणजे एकर. आज सांगलीत ‘दोन गुंठे घेतलेत’ असे कुणी सांगतो, तेव्हा त्याच्या तोंडी त्या साखळीचेच माप असते. प्रत्येक तुकड्याला सर्व्हे नंबर मिळाला, हद्दीचे दगड बसले आणि सारा ठरला. सारा शेतीचा होता. म्हणून जमीन शेतीतून बाहेर पडली तर सरकारचे काय, हा प्रश्न उभा राहिला.

त्याचे उत्तर 1879 च्या मुंबई जमीन महसूल कायद्याने दिले. कलम 65 प्रमाणे कब्जेदाराला आपल्या रानात विहीर पाडता येई, गोठा किंवा शेतघर बांधता येई. त्याला परवानगी नको. जमीन शेतीखेरीज दुसऱ्या कामाला लावायची तर मात्र कलेक्टरकडे अर्ज करायचा. कलेक्टरने तीन महिन्यांत उत्तर दिले नाही तर परवानगी मिळाली असे समजायचे. परवानगी देताना नवा आकार बसवता येई, वर दंडही घेता येई. न विचारता बांधले तर पुढचे कलम जमिनीवरून काढण्यापर्यंत जाई. आजच्या बिगरशेती परवान्याचे, लोकांच्या तोंडच्या ‘एन.ए.’चे, मूळ इथे आहे. एक गोष्ट इथे नीट पाहायला हवी. या कलमात रस्त्याची रुंदी, गटार, शेजाऱ्याचा उजेड यांचा विचार नाही. घर कुठे शोभते हे कलेक्टर पाहत नव्हता, सारा किती वाढतो हे पाहत होता. सातारा-सांगलीत घरमालकाची वाट अजूनही चावडीवरून जाते, नगररचनेचे काम असूनही तलाठ्याच्या उताऱ्यापासून सुरू होते, त्याचे कारण हेच. परवानगीचा जन्म महसुलाच्या पोटी झाला. शहराचा विचार तिच्यावर पुढे चढवला गेला.

संस्थानांत हे सगळे एका माणसाच्या शब्दावर चाले. त्याचे उत्तम उदाहरण आज सांगली जिल्ह्यात आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांचा नांगराचा कारखाना बेळगावला होता. तिथल्या नगरपालिकेला शहराची नवी वाढ करायची होती आणि कारखान्याची जागा नेमकी त्या वाढीत सापडली. जागा सोडा, असा हुकूम आला. जे आज विकास आराखड्याच्या आरक्षणात होते, तेच हे. औंधचे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी कुंडल रोड स्टेशनाजवळची 32 एकर जमीन देऊ केली. माळरान, निवडुंग आणि साप एवढेच तिथे होते. 1910 साली तिथे किर्लोस्करवाडी वसू लागली: कारखाना आणि त्याच्याभोवती कामगारांची आखीव घरे. ब्रिटिश मुलखातल्या एका नगरपालिकेचा नियम आणि संस्थानिकाचा एक होकार यांच्यामधून महाराष्ट्रातली एक मोठी उद्योगवसाहत जन्मली. पंतप्रतिनिधींसारखा राजा भेटला म्हणून हे झाले, हे खरे. जिथे तसा राजा नसेल तिथे अर्जदाराचे काय, हा प्रश्नही तितकाच खरा.

मार्च 1948 मध्ये सांगली संस्थान विलीन झाले. 1 ऑगस्ट 1949 रोजी जुन्या साताऱ्याचा दक्षिण भाग आणि संस्थानांचे तुकडे मिळून ‘दक्षिण सातारा’ जिल्हा झाला. 21 नोव्हेंबर 1960 ला त्याचे नाव सांगली पडले. राजांच्या शब्दाच्या जागी आता कायदे आले, आणि एकावर एक आले. 1947 चा तुकडेबंदी कायदा आधीच होता. शेत इतके लहान होऊ नये की त्यावर औत फिरणार नाही, हा त्याचा हेतू. त्यासाठी प्रमाणभूत क्षेत्र ठरले आणि त्याहून लहान तुकड्याच्या खरेदी-विक्रीला बंदी आली. मग 1966 चे दोन मोठे कायदे झाले आणि 1967 साली दोन्ही अंमलात आले. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना कायद्याने विकास आराखडे आणले: पिवळा पट्टा राहण्याचा, हिरवा पट्टा शेतीचा, मध्ये शाळा, बाग, रस्त्यांची आरक्षणे. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेने जुने कलम 65 नव्या रूपात, कलम 44 म्हणून, पुढे चालवले. तीन महिन्यांचे 90 दिवस झाले, एवढाच काय तो फरक जाणवावा.

कागदावर ही वाट सरळ आहे. सातबारा, जुने फेरफार, भूमी अभिलेखची मोजणी, नगररचनेचा झोन दाखला, रेखांकन, निरनिराळ्या खात्यांचे ना-हरकत दाखले, मग आदेश, मग सनद. पण एक एकराचा मालक या वाटेला लागला की त्याला वेगळे गणित दिसते. रेखांकन मंजूर करून घ्यायचे तर आतले रस्ते ठरलेल्या रुंदीचे सोडावे लागतात, मोठ्या रेखांकनात 10 टक्के खुली जागा ठेवावी लागते. चाळीसातले कितीतरी गुंठे विकायला उरतच नाहीत. वर मोजणीची फी, आकार, वकील, आर्किटेक्ट आणि वर्ष-दोन वर्षांचे हेलपाटे. तेच रान दोरी लावून, नऊ-दहा फुटांची बोळकांडी सोडून, गुंठा-गुंठा विकले तर पैसे उद्या हातात पडतात.

घेणाराही तयारच होता. सांगलीत हळदीची बाजारपेठ, जवळ साखर कारखाना; मिरजेत रेल्वेचे जंक्शन आणि डॉ. वॉनलेस यांनी 1894 साली सुरू केलेल्या मिशन हॉस्पिटलपासून वाढत गेलेला दवाखान्यांचा पसारा. कुपवाडला औद्योगिक वसाहत. जत, आटपाडी, कवठेमहांकाळच्या दुष्काळी पट्ट्यातून माणसे इथे हमालीला, कारखान्यात, दवाखान्यात कामाला आली ती परत गेली नाहीत. भाड्याच्या खोलीत किती वर्षे काढायची? एक गुंठा परवडत होता. रेखांकनातला मंजूर प्लॉट परवडत नव्हता. मग इसार, साठेखत किंवा नोटरीसमोर केलेला स्टँपपेपर. कुठे नोंदलेले खरेदीखतही, पण त्यात जमिनीचा अविभाज्य हिस्सा लिहिलेला. तुकडा पाडता येत नाही म्हणून कागदावर सगळे सामाईक, जागेवर ज्याचे त्याचे कुंपण. असा तो नावांनी भरलेला सातबारा तयार झाला. सांगलीच्या शामरावनगरसारख्या वस्त्यांत काळ्याभोर रानात घरे उठली. काळी माती पाणी धरून ठेवते. गटार नाही, उतार नाही, आणि पावसाळ्यात दारापुढे तळे. घरपट्टी मात्र भरली जात होती, कारण कर घेताना परवान्याचा आग्रह कुणी धरला नाही.

या माणसांना घुसखोर म्हणणे अन्यायाचे आहे. त्यांनी सरकारी जागा बळकावली नव्हती. घामाचे पैसे मोजून, मालकाकडूनच जमीन घेतली होती. मोडला होता तो तुकड्याचा आणि रेखांकनाचा नियम, आणि तो मोडताना सगळ्यात जास्त फायदा विकणाऱ्याचा झाला होता. त्याची किंमत मात्र घेणारा पुढची तीस वर्षे भरत राहिला: बँक कर्ज देईना, बांधकामाचा परवाना मिळेना, नळाला आणि रस्त्याला ‘वस्ती अनधिकृत आहे’ हे ठरलेले उत्तर.

एकट्याने अर्ज करून जे मिळत नाही ते हजारोंनी मिळून मागितले की विधिमंडळात जाते. फेब्रुवारी 1998 मध्ये सांगली, मिरज आणि कुपवाड मिळून महापालिका झाली आणि या वस्त्यांचा प्रश्न एका छपराखाली आला. गुंठेवारीधारकांचे मोर्चे आणि मेळावे सांगलीच्या राजकारणात नेहमीचे झाले. मग महाराष्ट्र गुंठेवारी विकास नियमाधीन करण्याबाबतचा 2001 चा कायदा आला. 1 जानेवारी 2001 पूर्वी पडलेले भूखंड आणि त्यांवरची बांधकामे अर्ज करून, प्रशमन शुल्क आणि विकास आकार भरून नियमित करता येतील, असे त्याने सांगितले. नियमित झाले की बिगरशेती परवानगीही मिळालीच असे धरायचे. सांगलीच्या बोलीत यालाच ‘गुंठेवारी करून घेणे’ म्हणतात. ज्या शब्दाने नियमभंग सांगितला जाई, तोच शब्द त्याच्या दुरुस्तीचे नाव झाला.

त्याच वर्षी साताऱ्याच्या माथ्यावर नेमकी उलटी रेघ ओढली गेली. 17 जानेवारी 2001 रोजी केंद्र सरकारने महाबळेश्वर-पाचगणीचा सुमारे 124 चौरस किलोमीटरचा प्रदेश पर्यावरणीयदृष्ट्या संवेदनशील म्हणून जाहीर केला. या डोंगराचा इतिहास सवलतीनेच सुरू झालेला आहे. गव्हर्नर सर जॉन माल्कम यांनी 1829 साली छत्रपती प्रतापसिंहांशी करार करून वाईकडचे खंडाळा गाव दिले आणि बदल्यात महाबळेश्वरची जागा घेतली; बाजारपेठेला माल्कम पेठ नाव पडले. बंगल्यांसाठी जागा वाटल्या गेल्या आणि दीडशे वर्षे तिथे बांधकाम हाच धर्म होता. 2001 नंतर डोंगरउतार, झाडी, इमारतीची उंची, जमिनीचा वापर बदलणे, सगळे देखरेख समितीच्या नजरेखाली आले. सांगलीत काळाची रेघ पडली होती: अमुक तारखेच्या आधीचे सगळे माफ. महाबळेश्वरात जागेची रेघ पडली: या हद्दीच्या आत माफी नाही.

रेघ पडली की तिच्या बाहेरची जमीन महाग होते, हेही साताऱ्याने पाहिले. यवतेश्वरचा घाट चढून कासला जाणाऱ्या रस्त्याकडेला हॉटेले आणि फार्महाऊसे उभी राहिली. 2012 साली कासचे पठार पश्चिम घाटाच्या इतर स्थळांबरोबर युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत गेले तशी गर्दी वाढली. नोटिसा निघाल्या, मालकांनी आणि भूमिपुत्रांनी नियमित करा म्हणून मागणी लावून धरली. शेतजमिनीतून दोन पैसे मिळवू पाहणारा स्थानिक माणूस आणि बाहेरून येऊन डोंगर विकत घेणारा गुंतवणूकदार या मागणीत खांद्याला खांदा लावून उभे राहतात. दोघांना एकाच मापाने मोजणे चूक आहे, पण नियमाच्या भाषेत दोघेही फक्त ‘मालक’ असतात. आता 235 गावांच्या ‘नवीन महाबळेश्वर’ प्रकल्पाचा आराखडा याच डोंगररांगांवर मांडला गेला आहे आणि त्यावरच्या हरकती-सूचनांत हाच झगडा नव्याने उतरला आहे.

एकट्यादुकट्या मालकाला नियमातून सूट मिळण्याची वाट आराखड्याच्या कायद्यात आहेच. जगात तिचा बोलबाला झाला तो न्यूयॉर्कमुळे. 1916 साली त्या शहराने जमीनवापराचे पट्टे आखले, आणि ज्याच्या प्लॉटचा आकार विचित्र आहे, ज्याला नियम अक्षरशः पाळणे अशक्य आहे, अशाची अडचण ऐकायला मंडळही नेमले. महाराष्ट्रात तो अधिकार मंडळाकडे नाही, आयुक्तांकडे किंवा नगररचनेच्या अधिकाऱ्याकडे आहे. डिसेंबर 2020 च्या एकत्रीकृत विकास नियंत्रण नियमावलीत तो स्पष्ट लिहिला आहे. खरीखुरी अडचण दाखवता आली तर कारणे लेखी नोंदवून मापांत शिथिलता देता येते. आरोग्य, आग आणि इमारतीची मजबुती यांना धक्का लागता कामा नये. रस्त्याकडचे सामासिक अंतर आणि चटई क्षेत्र यांत सहसा सूट नाही. सूट दिली की प्रीमियम भरावा लागतो. लोक त्याला ‘हार्डशिप’च म्हणतात. ‘हार्डशिप भरली का?’ हा प्रश्न आर्किटेक्टच्या ऑफिसात रोज ऐकू येतो. सांगलीच्या गावभागात किंवा साताऱ्याच्या जुन्या पेठांत, जिथे प्लॉटची रुंदीच पंधरा-वीस फूट आहे आणि भिंतीला भिंत लागून आहे, तिथे ही सूट नसती तर पडके वाडे पडकेच राहिले असते. महाबळेश्वर-पाचगणीला मात्र ही नियमावली लागूच नाही.

पट्टाच बदलून हवा असेल तर नगररचना कायद्याचे कलम 37. जाहीर नोटीस, महिनाभर हरकती, सुनावणी, महासभेचा ठराव आणि शेवटी मंत्रालय. हिरव्याचा पिवळा झाला की जमिनीचा भाव काही पटींनी चढतो, म्हणून या ठरावांवर शहराचे सगळ्यात जास्त लक्ष असायला हवे आणि प्रत्यक्षात सगळ्यात कमी असते. उलट आरक्षणाखाली अडकलेल्याची वाट आहे ‘एकशे सत्तावीसची नोटीस’. आराखडा लागू होऊन 10 वर्षे झाली आणि पालिकेने जागा घेतली नाही, तर मालक खरेदीची नोटीस देतो. पालिकेला त्यावर पूर्वी सहा महिने मिळत. 2009 मध्ये बारा झाले, 2015 मध्ये चोवीस. मुदतीत भूसंपादनाचे खरे पाऊल पडले नाही तर आरक्षण संपते. गिरनार ट्रेडर्स खटल्यात 2007 साली सर्वोच्च न्यायालयाने बजावले, की नुसता प्रस्ताव पाठवणे म्हणजे पाऊल नव्हे. पालिकेकडे पैसा नाही, म्हणून बागेची जागा इमारतीला जाते. आणि मालकाने तरी दहा-दहा वर्षे का थांबावे?

सरकारने अलीकडे जुने कलम 44 बरेच सैल केले आहे. 2017 पासून मंजूर आराखड्यातल्या जमिनीला वेगळी बिगरशेती परवानगी लागत नाही, रूपांतर कर भरला की झाले. गावठाणाच्या हद्दीपासून 200 मीटरच्या आतल्या जमिनीलाही तसेच. जुनी पांढरी चारी बाजूंनी दोनशे मीटर पसरली, असे म्हणायला हरकत नाही. तुकडेबंदीतले जुने व्यवहार नियमित करायला 2017 मध्ये बाजारभावाच्या 25 टक्क्यांपर्यंत रक्कम मागितली गेली. कुणी फारसे फिरकले नाही, तेव्हा ती 5 टक्क्यांवर आणण्याचा निर्णय झाला. आणि 2021 मध्ये गुंठेवारीची तारीख 1 जानेवारी 2001 वरून 31 डिसेंबर 2020 वर सरकली. वीस वर्षांत उठलेल्या नव्या वस्त्या त्यात आल्या.

त्याच वर्षी जुलैत कृष्णा पुन्हा पात्राबाहेर आली. सांगलीत पाण्याचे माप 1929 च्या आयर्विन पुलावर घेतात: 40 फूट इशारा, 45 फूट धोका. 2005 साली पाणी 53 फुटांच्या वर गेले आणि हरिपूरची हळदीची पेवे बुडाली. ऑगस्ट 2019 मध्ये ते 57 फुटांच्याही वर गेले. पूररेषेचे दोन रंग असतात. नदीपासून निळ्या रेषेपर्यंत नवे बांधकाम नाही. निळी आणि लाल यांच्यामध्ये अटीवर. अट अशी, की जोते लाल रेषेच्या पातळीपेक्षा 0.45 मीटर, म्हणजे जेमतेम दीड फूट, वर हवे. ही अट नव्या घराला पाळता येते. ज्या घराचे जोते 1985 साली शेताच्या बांधाएवढे घातले गेले, ते प्रशमन शुल्क भरून कायदेशीर होते, पण उंच होत नाही.

पावती मिळाली तरी काम संपत नाही. मोजणी आणायची, भूमी अभिलेखमध्ये कमी-जास्त पत्रक, म्हणजे ‘कजाप’, करून घ्यायचे, मग तलाठ्याकडे फेरफार, मग सामाईकातून नाव सुटून स्वतःचा उतारा. पुष्कळांची गाडी कजापवर अडकलेली आहे. त्यामुळे आयर्विनचा आकडा चाळिसाकडे सरकल्याचे मोबाइलवर आले की या वस्त्यांत सामान माळ्यावर चढू लागते आणि त्यात सगळ्यात आधी चढते ती प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली फाईल: नोटरीचा पिवळा पडलेला स्टँपपेपर, घरपट्टीच्या पावत्या, गुंठेवारीचा दाखला, आणि ज्यावर अजून पंचवीस-तीस नावे आहेत तो सातबारा.